तिसरी हाक

वहिनीला ऑपेराशी काडीचं देणंघेणं नव्हतं. ऑपेरा गेला खड्ड्यात, तिला तो काठीवाला हवा होता.

काठीवाला म्हणजे संगीतकार. चार वर्षांपूर्वी तो हॉस्पिटलच्या लाँड्रीत आठवडाभर येऊन राहिला होता. लांब काठीच्या टोकाला केसाळ बोंडूक, त्यात माइक, आणि कानांवर हे एवढाले हेडफोन. धुण्याच्या यंत्रांपुढे ती काठी धरून तो डोळे मिटून उभा राहायचा आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्याचा ऑपेरा तयार झाला होता आणि लाँड्रीतल्या चौदाही बायकांना रविवारी दुपारच्या खेळाचे पास आले होते. सोबत पत्र होतं: ‘आपल्या यंत्रांच्या आणि आपल्या आवाजांतून या कलाकृतीचा जन्म झाला आहे.’

“बारसं तरी आम्हाला विचारून करायचं,” वहिनी म्हणाली आणि तिने पास चुरगळला. मग काहीतरी सुचलं म्हणून तो पुन्हा सरळ केला, हाताने दाबून त्याची घडी मोडली आणि पर्समध्ये ठेवला. ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी काठीवाला खोलीत होता. चार वर्षं तिला त्याला एकच प्रश्न विचारायचा होता.

ते काय झालं, ते सांगितलं पाहिजे. लाँड्रीतला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे रोलर. खोलीभर लांब आणि आतून वाफेने तापलेला. एका बाजूने दोघीजणी ओली चादर भरतात, पलीकडे दोघी कोरडी चादर झेलतात. चादर तिरकी जायला लागली की भरणारीचा हात ती सरळ करायला आपसूक पुढे जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. यंत्राच्या गोंगाटात आपला हात कुठवर गेलाय याचं भान राहत नाही, म्हणून एका बाईला उंच स्टुलावर बसवलेलं असे. तिचं काम एकच. हात पुढे गेलेला दिसला की हाक द्यायची, ‘हात वर!’ हाक आली की खोलीतल्या प्रत्येकीने असेल ते टाकून दोन्ही हात कानांशी न्यायचे, आणि मुकादमाने भिंतीवरचा लाल दांडा ओढून यंत्र थांबवायचं. त्या स्टुलावर अकरा वर्षं वहिनी होती. आवाज असा की बायका तिला भोंगा म्हणायच्या आणि त्याचा तिला अभिमान होता.

त्या दिवशी वाफेचा एक नळ सुटला होता आणि खोलीभर फुसफुसाट चालला होता. रोलरवर होती तिची सख्खी नणंद. चादर तिरकी गेली, नणंदेचा हात पुढे गेला आणि रोलरने उजव्या हाताची तीन बोटं घेतली.

वहिनीने हाक दिली होती. एकदा नाही, तीनदा. तिसरी तर नावाने. चौकशीला बसलेल्या तिघा साहेबांना तिने हे सांगितलं, पण मुकादम म्हणाला, “हाक आलीच नाही. आली असती तर मी दांडा ओढला नसता का?” बाकीच्या बायका म्हणाल्या, वाफेत काही कळत नव्हतं. वहिनी म्हणाली, तो काठीवाला होता, त्याला विचारा. साहेब म्हणाले, ते पाहुणे होते, त्यांना कशाला त्रास. शेवटी नणंदेला विचारलं, तेव्हा ती हाताला बांधलेलं पांढरं गाठोडं सांभाळत म्हणाली, “मला नाही ऐकू आली.” कागदावर आलं, ‘हाक देण्यात कसूर’. वहिनीला स्टुलावरून उतरवून भिजवणीच्या हौदांकडे पाठवलं आणि तिच्या जागी विजेची घंटा बसवली.

इथवर वहिनीने सोसलं असतं. पण दोघी राहत होत्या एकाच घरात. नणंदेचं लग्न झालेलं नव्हतं. वहिनी या घरात आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि पत्ते खेळताना इतक्या सफाईने ठकवायची की वहिनीने तिचं नाव ठकू ठेवलं. बाहेर सगळे तिला ताई म्हणत. ठकू म्हणणारी जगात एकटी वहिनी. बोटं गेल्यावर घरी आल्या दिवसापासून ठकू तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. “दादा, मीठ द्यायला सांग.” मीठ वहिनीच्या कोपरापाशी असायचं. दादा काचा बसवणारा माणूस, काहीही तडकू नये एवढंच त्याला कळायचं. तो मीठ उचलून इकडून तिकडे द्यायचा आणि म्हणायचा, “झालं गेलं विसरा आता.” वहिनीने पहिल्या वर्षी रडून सांगितलं, दुसऱ्या वर्षी ओरडून सांगितलं. मग तिने सांगायचं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

रविवारी चौदाजणी ठेवणीतले कपडे घालून निघाल्या. टाकेवाली, म्हणजे फाटक्या चादरींना टाके घालणारी बाई, वाटेत सगळ्यांना ज्ञान देत होती. “ऑपेरा म्हणजे नाटकच गं, पण त्यात भांडणसुद्धा गाऊन करतात.”

“आमच्याकडे दादाला मधे घालून करतात,” वहिनी मोठ्याने म्हणाली. नणंदेने मान वळवली.

नाट्यगृह भलतंच होतं. जिने चढता चढता गुडघे बोलायला लागले, कारण फुकटच्या पासांच्या जागा सगळ्यात वरच्या सज्जात होत्या. तिथून खालची माणसं म्हणजे नुसती टकलं आणि अंबाडे. पासांवरच्या आकड्यांप्रमाणे बसायचं होतं, आणि आकड्यांनी वहिनीच्या शेजारी नेमकी नणंदच आणून बसवली. दोघींनी खुर्च्यांच्या मधल्या हातावर हात ठेवायचं टाळलं.

पडदा उघडायच्या आधीच वहिनीचं डोकं तापलं. एक तर पडद्याची खालची पट्टी उलट्या अंगाने इस्त्री केलेली. एवढं सोनेरी छत करायला जमतं, पट्टी सुलट करायला जमत नाही! मग खाली पहिल्या रांगेत तिला मुकादम दिसला. कोट घालून, मांडीवर मांडी टाकून, पाहुणा म्हणून बसलेला. तिला सज्जात आणि त्याला पहिल्या रांगेत. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची गेली आणि तिथेच बसली.

पहिल्या अंकात काय झालं ते तिला धड सांगता आलं नसतं. एक जाडजूड राजा होता, तो कुणाला तरी नको म्हणत होता आणि नको म्हणायला त्याला पाव तास लागला. वाद्यं मात्र ओळखीची वाटली. बासऱ्यांनी वाफेच्या नळासारखा आवाज काढला, ढोलांनी रोलरची धडधड केली. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. “अगं, हा आपला तीन नंबरचा हौद!” टाकेवालीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. वहिनी मात्र खालच्या टकलांमध्ये काठीवाल्याचं टक्कल शोधत होती.

मध्यंतरात टाकेवालीने पुस्तिका उघडून वाचून दाखवली. “‘दुसऱ्या अंकात नायिका जी हाक देते, ती संगीतकाराला श्रमिक स्त्रियांमध्ये सापडली. हात वर, थके. थके म्हणजे थकलेली. दमलेल्या स्त्रीने आकाशाकडे हात उंचावून मागितलेली ही विश्रांती आहे.’” तिने मान वर केली. “आपण असं कधी म्हणतो गं?”

“विश्रांती मागितली तर पगार कापतात,” कुणीतरी म्हणालं.

वहिनीने पुस्तिका ओढून घेतली आणि ‘हात वर’ हे शब्द स्वतः वाचून पाहिले.

दुसरा अंक सुरू झाला. नायिका एकटीच उभी होती, अंगात चंदेरी झगा, मागे निळा उजेड. बासऱ्यांची वाफ वाढत गेली, ढोलांची धडधड वाढत गेली आणि त्यातून तिने आवाज लावला.

“हाऽऽत वर!”

सज्जात चौदा बायकांचे अठ्ठावीस हात कानांशी गेले. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाच्या मनातही नव्हतं. मांडीवरच्या पर्सा खाली पडल्या, एकीचा चष्मा उडाला. दरवाजापाशी उभी असलेली पोरगी धावत आली आणि कुजबुजली, “हात खाली घ्या, मागच्यांना दिसत नाहीये.” पण हात खाली येईनात. दांडा ओढल्याशिवाय हात खाली घ्यायचे नसतात.

“हाऽऽत वर!” नायिका दुसऱ्यांदा गायली, वरच्या पट्टीत.

दोन हाकांमध्ये जेवढं थांबायचं तेवढीच ती थांबली होती, एक श्वास, अर्धवट घेतलेला. तो श्वास वहिनीचा होता.

मग तिसरी हाक आली. “ठके! हाऽऽत वर!” पुस्तिकेत काही का छापलेलं असेना, नायिकेच्या तोंडून स्वच्छ ‘ठ’ निघाला. बहुतेक तिने टेप ऐकून ऐकून पाठ केलं होतं आणि जसं ऐकलं तसंच ती गात होती. ‘वर’वर आवाज मधेच चिरला. गायकांचा आवाज असा चिरत नाही, तो चिरायला शिकवावा लागला असणार. वहिनीचा त्या दिवशी आपोआप चिरला होता.

त्यानंतर सगळी वाद्यं थांबली. लांबलचक शांतता. खाली कुणीतरी हुंदका दिला. लोकांना ती शांतता सुंदर वाटत होती.

वहिनीने शेजारी पाहिलं. ठकूचे दोन्ही हात अजून कानांशी होते, एक पुरा आणि एक दोन बोटांचा. ती वहिनीकडे बघत होती. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, पण वहिनी ऐकायला थांबली नाही. चौदा गुडघ्यांवरून वाट काढत ती जिन्याकडे निघाली. पुढचा ऑपेरा तिने पाहिलाच नाही.

खालच्या दालनात ती अर्धा तास उभी राहिली. आतून टाळ्यांचा कडकडाट झाला, दारं उघडली, माणसं डोळे टिपत बाहेर आली. शेवटी काठीवाला आला. हातात फुलं, भोवती गर्दी आणि गर्दीत मुकादम, घरचं कार्य असल्यासारखा पुढे पुढे करणारा. तोवर बाकीच्या बायकाही जिना उतरून आल्या. ठकू त्यांच्या मागे होती.

“काय गं भोंगा,” मुकादम हसत म्हणाला, “आज दुसऱ्यांचा आवाज ऐकायची पाळी का?”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती काठीवाल्याला म्हणाली, “ती हाक माझी आहे.”

त्याचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोला, माणूस मनापासून आनंदला. “तुम्हीच का त्या! मी चार वर्षं तुमच्या आवाजासोबत राहतोय.”

“मीही राहतेय,” वहिनी म्हणाली. “किती वेळा हाक दिली मी?”

“तीनदा. तिसऱ्यांदा थके म्हणून...”

“ठके. ठ, ठणठणीत ठ. थकलेली बिकलेली कुणी नाही, ते नाव आहे माणसाचं. ही बघा, ही ठकू.” तिने न वळता मागे हात केला. “तुमच्या त्या शांततेत काय झालं, माहीत आहे?”

ठकू पुढे आली आणि तिने हात दाखवला. काठीवाल्याच्या हातातली फुलं खाली आली. “कुणाला तरी लागलं, एवढं मला कळलं होतं. मला वाटलं किरकोळ आहे. मी त्याच दुपारी निघालो. मग मला कुणी काही विचारलंच नाही.”

“आणि तुम्ही कुणाला सांगितलंही नाहीत. टेप ऐकत बसलात. किती वेळ आहे ती शांतता?”

“नऊ सेकंद,” तो लगेच म्हणाला. त्याला ते पाठ होतं. “तुमच्या तिसऱ्या हाकेपासून यंत्र थांबेपर्यंत नऊ सेकंद. मी त्यातला यंत्राचा आवाज काढून टाकला.”

“हाक दिल्यावर यंत्र दोन सेकंदांत थांबतं. हे नऊ कुठून आले?”

काठीवाल्याने नकळत मुकादमाकडे पाहिलं. “माइक तुमच्या स्टुलापाशी होता. हेडफोन मी यांच्या कानांवर घातले होते. आधी आदल्या दिवशीची टेप ऐकवली, मग चालू रेकॉर्डिंग लावलं. तुमची हाक ऐकून ते हसले. म्हणाले, काय झकास टेप आहे, अगदी खरी वाटते.”

दालनात टाकेवालीने “अगं बाई!” म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

मुकादम दाराकडे एक पाऊल सरकला. “मला वाटलं टेपच आहे,” तो म्हणाला. “माझ्या जागी कुणीही असतं तरी...”

“चौकशीत तुम्ही म्हणालात हाक आलीच नाही.”

“म्हणजे तशी नाही आली. खोलीत नाही आली. नुसती कानात आली.”

“मग हाक कुठे येते, मुकादम?” वहिनी म्हणाली. “नाकात?”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. वहिनी हसत नव्हती. तिचा आवाज आता दालनाच्या दुसऱ्या टोकाला जात होता आणि फुलं घेऊन उभी असलेली बडी माणसं तोंड वळवून ऐकत होती. “माझी हाक थेट तुमच्या कानात ओतली होती. हाक आणि कान यांत अर्ध्या वितीचं अंतर नव्हतं. ती ऐकून तुम्ही वाहवा केलीत, आणि हिची बोटं जाईपर्यंत वाहवा करत उभे राहिलात. वर कागदावर माझं नाव घातलंत. चोराच्या उलट्या बोंबा! आणि तुम्ही,” ती काठीवाल्याकडे वळली, “तुम्ही लोकांना त्यावर रडवलंत. छान रडली माणसं. आता ती पुस्तिका घ्या आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहा. हाक तीनदा आली, नावासकट आली, आणि हेडफोन कुणाच्या कानांवर होते ते.”

“उद्या सकाळी मी रीतसर पत्र...”

“आत्ता. चार वर्षं रीतसरच चाललंय सगळं.”

त्याने लिहिलं. पेन त्याला टाकेवालीने दिलं. खाली सही केली, तारीख घातली. मुकादम कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीने कागद दोनदा वाचला आणि घडी न करता हातात धरला. बायका तिच्याभोवती जमल्या, पाठीवर हात ठेवायला लागल्या. कुणी म्हणालं, सोमवारी सगळ्या मिळून ऑफिसात जाऊ. कुणी म्हणालं, आम्हाला आधीच वाटत होतं. हे ऐकून वहिनीने त्या बाईकडे असं पाहिलं की तिने हात काढून घेतला.

बसथांब्यावर दोघीच उरल्या, कारण त्या दिशेला राहणाऱ्या त्या दोघीच होत्या. उन्हं कलली होती. रविवारच्या रस्त्यावर दुकानांची शटरं बंद होती आणि बाकावर कुणीतरी टाकलेलं वर्तमानपत्र फडफडत होतं. ठकूला रडू फुटलं.

“वहिनी,” ती म्हणाली, “तू हाक दिली होतीस.”

चार वर्षांनी ऐकलेला हा शब्द. वहिनीला वाटलं होतं की तो ऐकला की छातीवरचा दगड उतरेल. किती रात्री तिने हेच ऐकल्याची कल्पना केली होती! पण दगड उतरला नाही, तो नुसता तापला.

“दिली होती,” ती म्हणाली. “हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसून सांगितलं.”

“माझं चुकलं गं. पण देवाशपथ, मला तेव्हा ऐकू आली नव्हती. वाफ होती, रोलर चालू होता...”

“ते मला मान्य आहे. रोलरपाशी तुला ऐकू आलं नाही, त्याबद्दल मी तुला कधीच बोल लावला नाही. चौकशीत तू खरं तेच बोललीस.” वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तसा तो ठकूने कधी ऐकला नव्हता. “पण त्यानंतर? स्वयंपाकघरात तुझ्यासमोर उभी राहून मी सांगत होते, रडत सांगत होते. ओरडून सांगितलं तर शेजारचे दारात आले. अकरा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझे केस विंचरले मी. त्या माझ्या तोंडून तुला ते खरं वाटलं नाही. एका परक्या बाईने चंदेरी झगा घालून तेच म्हटलं, तेव्हा खरं झालं. रोलरपाशी गोंगाट होता, ठके. घरात कुठलं यंत्र चालू होतं?”

कोपऱ्यावरून बस वळली, थांब्याशी येऊन कुरकुरत उभी राहिली आणि तिचं दार उघडलं.

वहिनी आधी चढली. तिने दोन तिकिटं काढली, एक मागे न बघता ठकूच्या हातात दिलं आणि पुढच्या एकट्या सीटवर जाऊन बसली.